डाव्या बाजूची हाक

या वर्षी ती टपरी जरा लवकरच उभी राहिली. ऑफिसातून सायकलवरून येताना चौकात तिचं हिरवं छप्पर दिसलं आणि मी पाय खाली टेकवून थांबले. टपरी साधी श्पार्गेलची. श्पार्गेल म्हणजे आपल्या शतावरीच्या कुळातले, अंगठ्याएवढे जाड, पांढरेफटक कोंब. वसंतात दोन-अडीच महिने ते मिळतात आणि तेवढे दिवस डार्मश्टाटच्या आसपासची माणसं दुसरं काही खात नाहीत. खरं सांगायचं तर दुसरं काही बोलतही नाहीत. लिफ्टमध्ये, बसथांब्यावर, टपालाच्या रांगेत एकच विषय, यंदा कोंब कसे आहेत आणि तुम्ही लोणी किती घालता. टपरी दिसली की लोकांचे चेहरे उजळतात. मला मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडच्या प्रतीक्षागृहातली खुर्ची आठवते. निळं कापड होतं तिचं आणि उजव्या हाताशी एक धागा उसवलेला. तो मी त्या दिवशी वीतभर उसवून ठेवला.

भिण्याच्या बाबतीत मी तशी जुनी, अनुभवी बाई आहे. बावीस वर्षं या देशात काढली, तरी पत्रपेटीत सरकारी लिफाफा दिसला की मी आधी पाणी पिते आणि मग तो उघडते. रविवारी कुकर लावताना शिट्टीवर फडकं धरून उभी राहते, कारण रविवारी इथे आवाज करायचा नसतो. नवरा आठवडाभर म्युनिकला गाड्यांच्या कारखान्यात असतो. शुक्रवारी त्याची ट्रेन वीस मिनिटं उशिरा आली तरी माझ्या मनात त्याचा तेरावा उरकलेला असतो. तो म्हणतो, तुला भीतीची नोकरी असती तर एव्हाना तू डायरेक्टर झाली असतीस. पण ही सगळी किरकोळ भीती, रोजची, भाजी आणल्यासारखी. श्पार्गेलच्या दिवसांतली भीती त्या यादीत बसत नाही.

आमची दोन मुलं, सई आणि मिहिर, बॅन्जो आणि गिटार घेऊन अमेरिकेतल्या डोंगराळ खेड्यांतलं संगीत वाजवतात. ब्लूग्रास म्हणतात त्याला. हे वाक्य मी नातेवाइकांसमोर इतक्या वेळा म्हटलंय की आता ते मला पत्त्यासारखं पाठ आहे. मी मिरजेची. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीला लागून आमचं घर होतं. शाळेत जाता-येता भोपळ्यांचे ढीग आणि तारा जुळवणारी माणसं बघत मी वाढले. मला गाता शून्य येतं, पण तार उतरलेली असली तर दाढ दुखते. त्यामुळे माहेरच्यांची अपेक्षा होती की माझ्या पोटी निदान एक सतार तरी जन्मेल. जन्मला बॅन्जो. सासूबाईंनी पहिल्यांदा व्हिडिओवर तो पाहिला, चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, एवढ्या लांब जाऊन तुणतुणंच का?"

दोष तळमजल्यावरच्या हेर ब्रान्ट, म्हणजे श्रीयुत ब्रान्ट, यांचा. रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, मिशाळ, आणि केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, काउबॉय हॅट घालून बॅन्जो वाजवणारे. वर वाजवला तर शेजारी तक्रार करतील म्हणून खाली. मुलं लहान असताना सायकली काढायला केलरमध्ये जायची आणि तासभर वर यायची नाहीत. खाली गेलं तर मुरंब्याच्या बरण्या आणि हिवाळ्याचे टायर यांच्यामध्ये दोघं उलट्या बादल्यांवर बसलेली असायची. हेर ब्रान्ट यांचं शिकवणं म्हणजे एकच शब्द, डाउमन. अंगठा. बॅन्जोवर बाकीची बोटं कितीही धावोत, तोल अंगठ्याने सांभाळायचा. मिहिरचा अंगठा तेव्हापासून कधी स्थिर राहिला नाही. जेवताना टेबलावर, बसमध्ये गुडघ्यावर, झोपेत उशीवर. बँडचं नाव त्यांनीच ठेवलं. मी कुठल्या गावची असं त्यांनी विचारल्यावर मी आमच्या मोठ्या स्टेशनाचं वर्णन केलं, तर या गाण्यांत रेल्वे लागतेच म्हणाले, आणि मुलं झाली 'मिरज जंक्शन'. इथल्या हॅटवाल्या मंडळींना ते टेक्सासमधलं गाव वाटतं. मी कुणाला सुधारत नाही.

या संगीतात एक जुनी रीत आहे, ती कळली नाही तर पुढचं कळणार नाही. सगळ्यांना मिळून एकच माइक. तो मध्ये उभा करायचा आणि वाजवणाऱ्यांनी त्याच्याभोवती फिरायचं. ज्याची पाळी तो पुढे, बाकीचे अर्धं पाऊल मागे, गाताना दोघांची डोकी जवळ. आवाज लहानमोठा करायला कुणी यंत्रावर बसलेलं नसतं, पावलंच आवाज लहानमोठा करतात. सई नेहमी मिहिरच्या डाव्या हाताला. दहा वर्षं तिचा आवाज त्याच्या डाव्या कानात शिरत होता आणि त्यावरून तो आपला दुसरा सूर लावत होता. भावंडांचे आवाज असे मिसळतात की कुठला कुणाचा ते आईलाही कळत नाही, असं लोक म्हणायचे. मला कळायचं. पण मी न कळल्यासारखं करायचे, कारण ऐकायला छान वाटायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात त्यांचा पहिला अल्बम येणार होता. खरीखुरी काळी तबकडी. सई आखनला इंजिनिअरिंग शिकते. तिने त्यासाठी एका सत्राच्या परीक्षा पुढे ढकलल्या होत्या, आणि ही बातमी आजी-आजोबांपर्यंत जाऊ नये म्हणून मी दर रविवारी फोनवर घामाघूम होत होते. घर म्हणजे पोस्टर, खोकी, टी-शर्ट. मुलं रोज काहीतरी छोटे व्हिडिओ टाकायची. पुलावर वाजवताना, सायकलच्या दुकानात वाजवताना, ट्रामची वाट बघत वाजवताना. प्रकाशनाचा कार्यक्रम गावाबाहेरच्या एका शतावरीच्या शेतावर, गवत काढून मोकळ्या केलेल्या गोदामात ठरला होता. माझ्याकडे खाती दोन, पोस्टर चिकटवणं आणि घाबरणं. कुणी येणार नाही म्हणून घाबरायचं, आणि फार लोक आले तर बाथरूम पुरेल का म्हणून घाबरायचं.

आता माझ्या कायद्याबद्दल. मी मुलांशी मराठीत बोलते, मुलं जर्मनमध्ये उत्तर देतात. परदेशातल्या घरोघरी हेच. पण त्या वसंतात सासूबाई एकदा सहज म्हणून गेल्या की नातवंडांशी बोलायला आता दुभाष्या ठेवावा लागेल. ते लागलं मला. मी जाहीर केलं की यापुढे मी हाक एकदाच मारेन, मराठीतच मारेन, आणि ओ आली नाही तर परत मारणार नाही. सई फोनवर हसली. मिहिर नेहमीसारखं "या, या" म्हणाला, म्हणजे जर्मनमधलं हो, हो.

सोमवारी सकाळी मी शेगडीशी होते, वर धुराचा पंखा चालू, तो टेबलाशी. त्याची खुर्ची अशी आहे की शेगडी त्याच्या डावीकडे येते. मी विचारलं, पोहे घेणार का. ओ नाही. कायद्याप्रमाणे मी परत विचारलं नाही आणि पोहे एकटीने खाल्ले. मंगळवारी विचारलं, सईची गाडी किती वाजता येते. ओ नाही. तो शांतपणे पावाला लोणी लावत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, हा संप आहे. आईच्या भाषेविरुद्धचा संप. मग मीही अबोला धरला. मिरजेची आहे, मला येतो. बुधवारी मी त्याची ताटली शेगडीशेजारच्या ओट्यावर मुद्दाम आपटली. तो दचकला आणि त्याने खिडकीकडे पाहिलं. आवाज माझ्याकडून आला होता, आणि खिडकी विरुद्ध बाजूला आहे. मला वाटलं, काय नाटकं करतो.

ते खिडकीकडे वळलेलं डोकं मी नंतर किती वेळा पाहिलंय ते सांगता येणार नाही. डोळे मिटले की पाहते.

गुरुवारी सुट्टी होती. सई आली होती, केलरमध्ये तालीम चालू होती. मी सोललेल्या श्पार्गेलचं सूप घेऊन खाली गेले, अबोला तसाच ठेवून, नुसतं सूप. मिहिर बॅन्जो जुळवत होता, आणि त्याने तारांच्या टोकाला ते छोटं यंत्र लावलं होतं, सूर बरोबर लागला की ज्याचा दिवा हिरवा होतो. हा मुलगा त्या यंत्राला हसायचा. कानाने जुळवायचा, आणि मला विचारायचा, दाढ दुखतेय का. मी ते पाहिलं आणि रागाच्या भरात सोडून दिलं. गाणं सुरू झालं. हेर ब्रान्ट मिहिरच्या डावीकडे, जरा मागे, बरण्यांच्या फळीशी उभे होते. नेहमीसारखं म्हणाले, "डाउमन."

मिहिरने मान हलवली नाही. एरवी हलवतो. हेर ब्रान्ट थोडं मोठ्याने म्हणाले, "मिहिर. डाउमन."

काही नाही. सईचं तोंड माइककडे होतं, तिला कळलं नाही. मला कळलं. माझ्या हाकेला ओ नव्हती, ती मराठी होती म्हणून, असं मी चार दिवस धरून बसले होते. पण हे जर्मन होतं. आणि हे हेर ब्रान्ट होते, ज्यांच्या शब्दाला त्याने आयुष्यात कधी दुसऱ्यांदा बोलायला लावलं नव्हतं. मी ट्रे टायरवर ठेवला, गाण्याच्या मध्येच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि माझा कायदा मोडून जर्मनमध्ये विचारलं, डाव्या कानाने ऐकू येतंय का तुला.

तो सईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अल्बम बाहेर आल्यावर सांगणार होतो."

सोमवारी उठला तेव्हाच कान बंद होता. पोहायला गेला होता, पाणी गेलं असेल वाटलं. मग वाटलं, निघेल. मग वाटलं, सईने एवढं सगळं पणाला लावलंय, दहा दिवसांवर कार्यक्रम आहे. हे सगळं तो खाली बघत सांगत होता आणि अंगठा बॅन्जोच्या कातड्यावर बिनआवाजी चालत होता. आवाज नव्हता, की मलाच काही ऐकू येत नव्हतं, कोण जाणे.

इथे या दुखण्याला सरळ 'कानाचं कोसळणं' अशा अर्थाचा शब्द आहे, ह्योरश्टुर्त्स. एका रात्रीत, काही कारण न सांगता, एका कानातून जग निघून जातं. सुट्टीनंतरच्या शुक्रवारी निम्मे दवाखाने बंद. हेर ब्रान्ट यांनी दहा ठिकाणी फोन करून एक उघडा शोधला आणि आपल्या गाडीने आम्हाला नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, सौम्य होत्या. गोळ्या देऊ, म्हणाल्या, पुष्कळांचा कान परत येतो, काहींचा थोडा येतो, काहींचा नाही. मग विचारलं, "कधीपासून?" मिहिर म्हणाला, सोमवारपासून. म्हणजे चार दिवस. त्या लिहिता लिहिता म्हणाल्या की लवकर आलेलं बरं असतं, पण चार दिवस म्हणजे फार उशीर नाही. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला नंतर सईने सांगितला. मी पहिल्यावरच थांबले होते. चार दिवस. त्यातले तीन मी अबोल्यात घालवले होते, स्वतःच्या तत्त्वावर खूश होऊन.

मग त्याला काचेच्या पेटीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की अंगठ्याने दाबायचं. मी बाहेर काचेशी उभी. बाहेर काहीच ऐकू येत नाही, फक्त यंत्रावरच्या बाईंचा हात दिसतो आणि आतल्या मुलाचा अंगठा. उजवा कान चालू असताना अंगठा नाचत होता. मग बाईंनी बाजू बदलली. त्यांचा हात यंत्रावर फिरला. अंगठा थांबलेला. अजून फिरला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही. केलरमधल्या त्या उलट्या बादलीपासून मी तो अंगठा स्थिर पाहिला नव्हता. झोपेतही नाही. मिहिर काचेतून माझ्याकडे बघत होता, चेहरा एकदम लहानपणीचा, मी काही खूण करते का म्हणून. आणि मी, जिला प्रत्येक गोष्टीची भीती आधीपासून तयार ठेवायची सवय, माझ्याकडे या गोष्टीची काहीच तयारी नव्हती. मी हसले. आयुष्यातलं सगळ्यात वाईट हसले असेन.

नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, दुपारची गाडी मिळते का बघतो. त्या संध्याकाळी त्याची गाडी उशिरा आली, आणि मला पहिल्यांदाच त्याची काळजी वाटली नाही. शिल्लकच नव्हती.

कार्यक्रम रद्द करायचा की नाही यावर भावंडं भांडली. जर्मनमध्ये भांडली, शिव्या तेवढ्या मराठीत. सई म्हणाली, तबकडी गेली खड्ड्यात, कान आधी. मिहिर म्हणाला, डॉक्टरांनी वाजवू नको म्हटलेलं नाही, आणि रद्द केलं तर मी गादीवर पडून दिवसभर त्या कानाचीच वाट बघणार. त्याचा आवाज तिथे फाटला. सईने त्याचा बॅन्जो उचलून त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "बरं. मग तू इकडे ये, मी तिकडे जाते."

सांगायला एवढंच. बाजू बदलायच्या, म्हणजे ती त्याच्या चांगल्या कानाशी येईल. पण दहा वर्षं पावलांत मुरलेलं सगळं उलटं करायचं होतं. आठवडाभर केलरमध्ये ती दोघं फरशीवर खडूच्या खुणा करून फिरत होती. खरा माइक धक्क्याने पडेल म्हणून माइकच्या जागी मी. हातात डाव उलटा धरून मध्ये उभी. एकदा बॅन्जोची मान माझ्या कपाळावर बसली आणि टेंगूळ आलं. हेर ब्रान्ट म्हणाले, माइकने हसायचं नसतं. मी हसत नव्हते. इतक्या जवळून पहिल्यांदा दिसलं होतं की मिहिर आता सूर शोधताना डोळे मिटत नाही. सईची हनुवटी बघतो. ती किती उचलली जाते त्यावरून सूर धरतो.

त्या गोदामाला गवताचा आणि ओल्या वाळूचा वास होता. हॅटवाले आले, माझ्या ऑफिसातले आले, मराठी मंडळातली चार कुटुंबं डबे घेऊन आली, कारण आपल्या लोकांना शतावरीच्या सूपवर भरवसा नाही. मी दाराशी टेबलावर तबकड्या मांडून बसले होते, डोक्यावर कुणीतरी घातलेली हॅट. बाथरूम पुरेल का, हा विचार आला नाही. मी फक्त पावलं बघत होते. पहिलं गाणं नीट गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यात मिहिरचा पाय चुकला. जुन्या सवयीने तो जुन्या बाजूने पुढे आला, आणि सई त्याच्या बहिऱ्या बाजूला अडकली. त्याचा चेहरा पांढरा पडलेला मला दारापासून दिसला. हेर ब्रान्ट माझ्या शेजारी उभे होते. इथे कुणाचं भलं व्हावं म्हणून अंगठा मुठीत धरून दाबतात. त्यांच्या दोन्ही मुठी खिशाबाहेर होत्या, आणि मी पाहिलं तर माझ्याही. सईने एक शब्द चुकवला नाही. गाता गाता ती त्याच्या पाठीमागून वळसा घालून चांगल्या कानाशी आली आणि आपलं डोकं त्याच्या डोक्याला टेकवलं. लोकांना वाटलं, बसवलेलं आहे. टाळ्या पडल्या. आवाज पुन्हा मिसळले, कुठला कुणाचा. त्या दिवशी मला खरंच कळलं नाही.

कान आला तो पुढे, टपऱ्या उठून गेल्यावर, जुलैत. एका सकाळी मिहिर पाणी पिताना थांबला आणि म्हणाला, फ्रिजचा आवाज डावीकडून येतोय. एवढंच. आम्ही तिघं, नवरा, मिहिर आणि मी, देवापुढे राहावं तसे त्या फ्रिजसमोर उभे राहिलो. पूर्ण नाही आला. वरचे काही सूर गेले ते गेलेच, आणि आत कुठेतरी लांबच्या घरातल्या कुकरसारखी एक बारीक शिट्टी आहे, ती थांबत नाही. परत कोसळू शकतो का, मी विचारलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, कोसळू शकतो, नाहीही. इथले डॉक्टर खोटं बोलत नाहीत, ही या देशाबद्दलची माझी एकमेव तक्रार.

तेव्हापासून मी एक गोष्ट करते, आणि ती घरात कुणाला माहीत नाही असं मी समजत होते. रोज एकदा शेगडीशी उभी राहून, त्याच्या डाव्या बाजूने, अगदी हळू काहीतरी म्हणते. मीठ कुठंय. पाऊस येईलसं वाटतं. तो "वास?", म्हणजे जर्मनमधलं 'काय?', म्हणाला तरी चालतं, जर्मनमध्ये वैतागला तरी चालतं. कायदा मी केव्हाच रद्द केला. मला फक्त ओ हवी असते. ती येईपर्यंतचा वेळ मी मोजत नाही, मोजवत नाही.

यंदा दुसऱ्या अल्बमची तयारी आहे. केलरमध्ये भिंतीला ओल आली म्हणून पहिलं गाणं त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात ध्वनिमुद्रित केलं. एक माइक, दोघं भोवती. मी कोपऱ्यात श्पार्गेल सोलत बसले होते, सोलण्याला आवाज नसतो म्हणून मला राहू दिलं. गाणं संपलं, शेवटची तार विझत गेली, मला वाटलं, झालं. मिहिरची डावी बाजू माझ्याकडे होती. आणि मला राहवलं नाही. बारीक आवाजात विचारलं.

माइक चालूच होता. एकच माइक खोलीतलं सगळं घेतो, हे मला एव्हाना कळायला हवं होतं. सईने हेडफोन लावून ऐकलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, खोडून टाका ते, लोकांना कळेल की आई वेडी आहे. ती मिहिरला हेडफोन देत म्हणाली, "तू ठरव." त्याने ऐकलं. म्हणाला, "रोज विचारते ती. राहू दे."

गाणं गेल्या आठवड्यात बाहेर आलं. अगदी शेवटी, तार विझल्यावर, एका बाईची कुजबुज आहे, "मिहिर, ऐकू आलं?" मग दोन सेकंद नुसती आमच्या फ्रिजची घरघर. मग तो, मराठीत, "हो गं आई. आलं."

साडेतीन मिनिटांचं गाणं आहे, चांगलं आहे म्हणतात. मला अजून त्याची सुरुवात धड आठवत नाही. मी सरळ शेवटावर जाते. उत्तर काय आहे ते मला माहीत आहे. तरी दर वेळी, फ्रिज घरघरत असतो तेवढा वेळ, माझा अंगठा मुठीत असतो.